पालकसभेच्या खुर्च्या रिकाम्या का राहतात, आणि त्या कशा भरतात

सोलापूरच्या पूर्व भागातल्या एखाद्या प्राथमिक शाळेची पालकसभा गुरुवारी सकाळी अकराला ठेवली, की कोण येणार नाही हे आधीच सांगता येतं. यंत्रमागावर पाळी करणारे वडील येणार नाहीत, कारण पाळी सोडली की त्या दिवसाची मजुरी गेली. विड्या वळणारी आई येणार नाही, कारण वळलेला माल कारखान्यात मोजून द्यायचा असतो आणि पुढची पानं-तंबाखू घेऊन यायची असते. त्यात नेमकं त्याच दिवशी नळाला पाणी आलं, तर घरातलं कुणीच येणार नाही. इथे पाणी काही दिवसांआड येतं. ते भरून ठेवलं नाही तर पुढचे दिवस काढायचे कसे? मग हजेरीवहीत चार सह्या होतात आणि खाली शेरा पडतो: पालक उदासीन.

हा शेरा बहुतेक वेळा चुकीचा असतो. ज्या आईला सभेला येता आलं नाही, तीच मुलाच्या दप्तरासाठी चार पैसे बाजूला ठेवते, शिकवणीची फी भरते, परीक्षेच्या दिवशी त्याला उपाशी जाऊ देत नाही. तिला शाळेची आस्था आहे. शाळेत येऊन तिने करायचं काय, हे तिला कुणी सांगितलेलं नाही.

आणि सहभाग म्हणजे सभेला झालेली गर्दीही नव्हे. मूल आज काय शिकलं हे घरी विचारलं जातं का? ते तीन दिवस आलं नाही तर कुणी चौकशीला जातं का? शाळेच्या खर्चाच्या कागदावर पालकाची सही आहे, ती समजून केलेली आहे का? या प्रश्नांची उत्तरं 'हो' असतील तर सहभाग आहे. सभा हे त्याचं एक साधन.

उत्तर प्रदेशातल्या जौनपूर जिल्ह्यात २८० गावांमध्ये यावर अभ्यास झाला होता. अभिजित बॅनर्जी, रुक्मिणी बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो २०१० साली प्रसिद्ध केला. तिथे ग्रामशिक्षण समित्या कागदावर होत्या, पण बहुतेक पालकांना त्यांचा पत्ताच नव्हता. काही सदस्यांना तर आपण सदस्य आहोत हेही माहीत नव्हतं. काही गावांत बैठका घेऊन लोकांना समितीचे अधिकार समजावून सांगितले. काही गावांत त्याच्या जोडीला मुलांचं वाचन कसं तपासायचं हेही दाखवलं. एवढ्याने शाळेतला पालकांचा सहभाग वाढला नाही. आणखी काही गावांत या सगळ्याच्या जोडीला तिथल्याच तरुण स्वयंसेवकांना थोडं प्रशिक्षण देऊन शाळेबाहेर वाचनवर्ग चालवायला सांगितले. त्या वर्गांना गेलेल्या मुलांचं वाचन मात्र चांगलं सुधारलं. नुसती माहिती ऐकून लोक हलले नाहीत. जमेल असं काम हातात आल्यावर हलले. जनजागृतीची पत्रकं छापण्याआधी हे लक्षात घ्यायला हवं.

म्हणून पुढे जे सांगितलं आहे ते सगळं एकाच गोष्टीभोवती फिरतं: पालकाला नेमकं काम द्यायचं आणि त्या कामाचं पुढे काय झालं हे त्याला परत सांगायचं. दुसरा भाग राहून जातो, आणि बहुतेक चांगले उपक्रम तिथेच बंद पडतात.

कायद्याने पालकाला काय दिलं आहे

शिक्षण हक्क कायदा २००९ चा. तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम २१ प्रमाणे प्रत्येक सरकारी, महापालिकेच्या, जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असलीच पाहिजे. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या जागा महिलांच्या. महाराष्ट्रात सदस्यसंख्या साधारण १२ ते १६ ठेवतात. म्हणजे १२ जणांची समिती असेल तर त्यात ९ पालक हवेत. अध्यक्ष पालकांमधूनच निवडायचा, मुख्याध्यापक सचिव असतात. वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांचे पालक त्या मुलांच्या प्रमाणात समितीत यायला हवेत. बैठक महिन्यातून किमान एकदा, आणि दर दोन वर्षांनी समिती नव्याने बनवायची.

समितीची कामं तीन: शाळेच्या कारभारावर लक्ष ठेवणं, शाळा विकास आराखडा तयार करणं आणि मिळालेल्या अनुदानाचा खर्च तपासणं. अनुदानित शाळांत तिची भूमिका सल्ला देण्यापुरती आहे, हा फरक लक्षात ठेवावा. विनाअनुदानित खासगी शाळांना ही समिती लागू नाही. तिथे २०११ च्या शुल्क विनियमन कायद्याप्रमाणे पालक-शिक्षक संघ आणि त्याची कार्यकारी समिती असते. पुढच्या वर्षीच्या फीचा प्रस्ताव आधी तिच्यासमोर ठेवावा लागतो. तिच्यातले पालक इच्छुकांमधून सोडत काढून घेतात.

एक तरतूद फार कमी लोकांना माहीत असते. कलम २४ प्रमाणे पालकांना नियमित भेटणं आणि मुलाची हजेरी, आकलन, प्रगती त्यांना सांगणं हे शिक्षकाचं कर्तव्यच आहे. तेव्हा 'आमच्या पोराचं कसं चाललंय?' असं विचारायला आलेल्या आईने संकोचू नये. ती उपकार मागत नाही.

आणि पालक म्हणजे आई-वडीलच असंही नाही. मुलाचा सांभाळ करणारी व्यक्ती कायद्याला मान्य आहे. आई-वडील पुण्याला किंवा हैदराबादला कामाला आणि मूल आजीपाशी, अशी घरं सोलापुरात बरीच आहेत. तिथे शाळेचा निरोप आजीला जायला हवा आणि आजीला समजेल अशा भाषेत जायला हवा.

समितीची निवड कशी बिघडते

नेहमीचा प्रकार असा: मुख्याध्यापकांवर इतर कामांचा भार असतो, मुदत संपत आलेली असते, मग फोनवर ओळखीच्या चार-पाच जणांची नावं ठरतात. महिलांच्या जागांवर नावं बायकांची लागतात आणि बैठकीला त्यांचे नवरे बसतात. बाकीच्या पालकांना समिती आहे हे कळतही नाही. अशी समिती वर्षभर कोऱ्या इतिवृत्तावर सह्या करण्यापुरती उरते.

यावरचा उपाय अवघड नाही. निवडीच्या पालकसभेत सगळ्यांना एका सभागृहात बसवू नका. प्रत्येक इयत्तेच्या पालकांना त्यांच्या मुलांच्या वर्गखोलीत, मुलांच्याच बाकांवर बसवा. पंधरा मिनिटांत प्रत्येक वर्गाने दोन नावं द्यायची, त्यातलं एक आईचं. शंभर माणसांत जी बाई तोंड उघडत नाही, ती वीस जणींत बोलते. ही नावं एकत्र केली की त्यातून समिती ठरवता येते, आणि तिच्यात प्रत्येक वर्गाचं माणूस येतं. मग सदस्यांची नावं आणि त्यांचं मूल कोणत्या वर्गात आहे हे फाटकाजवळच्या फळ्यावर ठळक लिहून ठेवा.

सोलापुरात भाषेचा विचार इथेच करायला हवा. मराठी माध्यमाच्या एकाच वर्गात घरी तेलुगू बोलणारी, कन्नड बोलणारी, दखनी बोलणारी मुलं शेजारी-शेजारी बसतात. समितीत सगळेच अस्खलित मराठी बोलणारे आले, तर अर्ध्या वर्गाच्या घरी शाळेचा आवाज पोहोचतच नाही. प्रत्येक घरभाषेचं निदान एक माणूस समितीत असावं. ते नुसतं दुभाष्याचं काम करणार नाही. त्या गल्लीत कुणाचं मूल शाळेत येत नाही हे सगळ्यांत आधी त्यालाच कळतं.

पाऊण तासाची सभा

जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर पहिल्या पंधरवड्यात प्रत्येक घरी एक चिठ्ठी पाठवा. तिच्यात तीन वेळा लिहा आणि जमेल त्यावर खूण करून मागवा: कारखान्याच्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी सकाळी ९, कामाच्या दिवशी संध्याकाळी, किंवा मूल सोडायला येता त्या वेळी अर्धा तास. वाचता न येणाऱ्या घरी मुलानेच वाचून दाखवायचं आणि खूण करून आणायची. सगळ्यात जास्त खुणांच्या दोन वेळा घ्या आणि एकच सभा दोनदा घ्या. शिक्षकांना हे काम वाढल्यासारखं वाटेल, पण चाळीसपैकी चार पालकांसाठी एकदा बसण्यापेक्षा वीस-वीस पालकांसाठी दोनदा बसणं सार्थकी लागतं. तारीख पक्की करण्याआधी भागातला पाण्याचा दिवस, जानेवारीतली सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा, नारळी पौर्णिमेचा मार्कंडेय रथोत्सव बघून घ्या. खेड्यातल्या शाळेने आठवडी बाजाराचा दिवस आणि ज्वारीच्या काढणीचे आठवडे टाळावेत. पंढरपूरच्या वाटेवरच्या गावांत आषाढीच्या पालख्यांचे दिवसही.

निमंत्रणाची भाषा बदला. 'आपल्या पाल्याच्या सर्वांगीण प्रगतीसाठी उपस्थिती प्रार्थनीय आहे' हे वाचून कुणी पाळी सोडत नाही. त्याऐवजी असं लिहा: 'श्रावणीच्या घरच्यांना नमस्कार. रविवारी सकाळी ९ ते ९.४५. श्रावणी तुम्हाला तिच्या पुस्तकातलं एक पान वाचून दाखवणार आहे. लहान भावंडांना सोबत आणलं तरी चालेल. पावणेदहाला नक्की सोडू.' यात मुलाचं नाव आहे, येण्याचं कारण आहे आणि सुटण्याची वेळ आहे. हाच निरोप तेलुगू आणि कन्नडमध्ये कुणा पालकाच्या आवाजात रेकॉर्ड करून व्हॉट्सअॅपवर टाका. घरातला एकुलता एक फोन दिवसभर वडिलांबरोबर कामावर असतो, म्हणून निरोप रात्री साडेआठ-नऊच्या सुमारास जावा. सकाळी अकराला टाकलेला निरोप रात्रीपर्यंत पन्नास फोटोंच्या खाली गेलेला असतो.

सभेची वेळ अशी वाटता येईल. पहिली १० मिनिटं मुलांची: कविता, वाचन, गणिताचा एखादा खेळ. पुढची २० मिनिटं वर्गात, प्रत्येक मुलाच्या बाकावर त्याची वही उघडून ठेवलेली आणि पालक तिथेच बसलेले. शिक्षक बाकाबाकांवरून फिरतात आणि प्रत्येक घराला दोनच गोष्टी सांगतात: मूल आता काय करू शकतं, आणि पुढच्या महिन्यात घरी कोणती एक गोष्ट करायची. १० मिनिटं पालकांच्या प्रश्नांना. शेवटची पाच मिनिटं मागच्या सभेत ठरलेल्या कामांचा हिशोब आणि पुढची तारीख.

सभा कुठे फसते तेही सांगायला हवं. पाहुण्यांचं स्वागत, शाल-श्रीफळ आणि प्रास्ताविक यातच अर्धा तास जातो. मान्यवर खुर्च्यांवर आणि आया सतरंजीवर बसल्या, की कोणी बोलायचं आणि कोणी ऐकायचं हे न सांगताच ठरून जातं. सर्वांत मोठं नुकसान मात्र सगळ्यांदेखत मुलाचे गुण वाचून दाखवण्याने होतं. 'तुमच्या मुलाला काहीच येत नाही' हे शेजारणीसमोर ऐकलेली आई त्या शाळेत पुन्हा पाऊल ठेवत नाही, आणि घरी गेल्यावर ते मूल मार खातं. अडचणीची गोष्ट एकटीला बाजूला घेऊन सांगावी आणि सांगताना मुलाला जे येतं तिथून सुरुवात करावी. 'अक्का, त्याला सगळी अक्षरं येतात. जोडाक्षरापाशी अडतो. एवढं पान रोज ऐका' असं म्हटलं, की आईच्या हाताला काम मिळतं.

आई-वडील शिकलेले नसतील तर घरी काय?

'मला लिहायला-वाचायला येत नाही, मी काय बघणार?' हा प्रश्न अगदी खरा आहे, आणि त्याला खरं उत्तर आहे. वाचून घेणाऱ्या माणसाला स्वतः वाचता आलं पाहिजे असं नाही. त्याला ऐकता आलं पाहिजे.

रोज पंधरा मिनिटं मूल मोठ्याने वाचतं आणि आई शेजारी बसून भाजी निवडते. तिने तीन गोष्टी बघायच्या. मुलाचं बोट ओळीवरून सरळ पुढे चाललं आहे की एकाच जागी घुटमळतं आहे? वाचताना ते बोलल्यासारखं वाचतं आहे की एकेक अक्षर सुटं करून? आणि पान संपल्यावर 'काय झालं त्या गोष्टीत?' असं विचारलं की पुस्तक बंद करून सांगता येतं का? गोष्ट तेलुगूत किंवा कन्नडमध्ये सांगितली तरी चालतं; समजली आहे की नाही ते त्यातूनही कळतं. बोट घुटमळलं त्या शब्दाखाली पेन्सिलीने टिंब काढायचं. दुसऱ्या दिवशी ते टिंब बघितलं की मूल कुठे अडतं ते शिक्षकांना लगेच दिसतं. वाचन झालं त्या तारखेला भिंतीवरच्या कॅलेंडरवर फुली मारायची. महिन्याच्या शेवटी फुल्या मोजून शाळेत सांगायच्या.

गणिताला सोलापूरच्या घरात साहित्याची कमी नाही. कडक भाकरी करून विकणाऱ्या घरात दहा-दहाची चवड लागलेली असतेच. तीन चवडी आणि वर चार सुट्या, म्हणजे ३४. दशक-एकक यापेक्षा सोपं फळ्यावरही समजावता येत नाही. एका चवडीतून सहा भाकरी काढायच्या म्हटल्या की हातच्याची वजाबाकी डोळ्यांसमोर उभी राहते. विड्या मात्र मुलाच्या हाती मोजायलाही देऊ नयेत. तंबाखूची धूळ लहान फुप्फुसांना घातक असते, आणि मोजणीपासून सुरू झालेलं काम हळूहळू वळणीपर्यंत जातं.

पहिलीत येणाऱ्या मुलांसाठी राज्यात २०२२ पासून 'पहिले पाऊल' हे शाळापूर्व तयारी अभियान चालतं. त्याच्या मेळाव्यात सात टेबलं असतात: नोंदणी, शारीरिक विकास, बौद्धिक विकास, सामाजिक-भावनिक विकास, भाषा, गणनपूर्व तयारी आणि शेवटी पालकांना मार्गदर्शन. मूल प्रत्येक टेबलावर छोट्या कृती करतं आणि काय जमलं त्याची नोंद कार्डावर होते. या अभियानातला सर्वांत मोलाचा भाग म्हणजे माता गट. चार-सहा आया गल्लीत एकत्र बसतात आणि आठवड्याला आलेल्या कृती मुलांकडून करून घेतात. मेळाव्याचे फोटो निघतात, पण गट पुढे चालत नाहीत. याचं कारण बहुतेक वेळा एकच: गटाची प्रमुख कोण हे ठरलेलं नसतं, आणि ती आठवड्याला कोणत्या शिक्षकाशी बोलणार हेही ठरलेलं नसतं. ही दोन नावं मेळाव्याच्या दिवशीच कागदावर यायला हवीत.

पोषण आहार आणि गणवेश: डोळ्याला दिसणारी कामं

समितीच्या नव्या सदस्याला लगेच 'शाळा विकास आराखडा' असं म्हटलं तर तो गप्प बसतो. सुरुवात जिथे त्याला आपलं ज्ञान वापरता येतं तिथून करावी.

दुपारचं जेवण घ्या. पीएम पोषण योजनेत पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल धरलेलं आहे. सहावी ते आठवीला हेच १५० ग्रॅम धान्य, ३० ग्रॅम डाळ, ७५ ग्रॅम भाजी आणि साडेसात ग्रॅम तेल. प्राथमिकची ८० मुलं हजर असतील तर त्या दिवशी ८ किलो तांदूळ, १ किलो ६०० ग्रॅम डाळ, ४ किलो भाजी आणि ४०० ग्रॅम तेल निघायला हवं. हे चार आकडे स्वयंपाकघराच्या दारावर लिहून ठेवा आणि दर आठवड्याला दोन आयांची पाळी लावा. त्यांनी वजन होताना थांबायचं, मुलांना वाढण्याआधी चव घ्यायची आणि चव नोंदवहीत सही करायची. रोज घरचा स्वयंपाक करणाऱ्या बाईला डाळ पातळ आहे की तांदूळ जुना आहे हे सांगायला प्रशिक्षण लागत नाही. मात्र स्वयंपाकीण बाईंना धारेवर धरण्यासाठी ही पाळी नाही, हे पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर सांगावं. भाजी कमी असते त्यामागे अनेकदा पैसे उशिरा येण्याचं कारण असतं, आणि ते समितीच्या ठरावातून वर कळवता येतं.

गणवेशाचं तसंच. समग्र शिक्षा योजनेत एका गणवेशाला ३०० रुपये, असे वर्षाला दोन गणवेश मिळतात. २०२४-२५ मध्ये ही खरेदी राज्यपातळीवर गेली होती; पुढच्या वर्षी ती पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडे आली. सोलापूर तर शालेय गणवेश शिवणाऱ्या कारखान्यांचं मोठं केंद्र. कापड, शिलाई, काज-बटण यातलं कळणारे पालक इथे प्रत्येक शाळेत सापडतात. त्यांना नमुना बघायला बसवा. नमुन्याच्या कापडाचा ५० सेंटिमीटरचा चौकोन घरी दोनदा धुऊन, वाळवून मोजायचा. ४८ भरला तर कापड ४ टक्के आटलं, मग माप वाढवून घ्यायला हवं. पँटच्या खालची दुमड निदान दोन इंच हवी, म्हणजे मूल वाढलं की ती सोडता येते. बगलेची शिवण ओढून बघायची. आणि मापं वर्गात मुलांना उभं करून घ्यायची. 'दुसरी म्हणजे अमुक नंबर' या अंदाजाने मागवलेल्या गणवेशांपैकी कितीतरी पेटीतच राहतात. शिलाईवाल्याला सगळी रक्कम आधी देऊ नये. माल मोजून, घालून बघून मगच बाकी द्यावी.

पैशाबद्दल थोडं. शाळेला पटसंख्येनुसार वर्षाला १० हजार ते १ लाख रुपये संयुक्त शाळा अनुदान मिळतं आणि त्यातले किमान १० टक्के स्वच्छतेवर खर्चायचे असतात. अनुदान आलं की किती आलं, कशावर गेलं हे फळ्यावर लिहा, रुपयांत. अध्यक्षांनी कोऱ्या चेकवर किंवा कोऱ्या ठरावावर सही करू नये. पुढे चौकशी झाली तर उत्तर त्यांनाच द्यावं लागतं. लोकवर्गणी ऐच्छिकच असावी, प्रत्येक रुपयाची पावती फाडावी आणि देणगीदारांची यादी लावताना न देणाऱ्यांची नावं कुठेही येऊ नयेत.

आराखडा आर्थिक वर्ष संपण्याआधी तीन महिने, म्हणजे डिसेंबरअखेर तयार हवा. दिवाळीच्या सुट्टीनंतर लगेच एक शाळाफेरी काढा. वीस मिनिटं पुरतात. मुलींच्या शौचालयाला आतून कडी आहे का? तिथे पाणी येतं का? नळ किती आणि चालू किती? वायर कुठे उघडी आहे? छत कुठे गळतं? एका पालकाने फोटो काढायचे, दुसऱ्याने लिहायचं. इतिवृत्तात प्रत्येक कामापुढे तीन रकाने ठेवा: कोण करणार, कोणत्या तारखेपर्यंत, किती खर्च. पुढच्या बैठकीची सुरुवात हे रकाने वाचूनच करायची. कडी बसली असेल तर ज्या आईने ती मागितली होती तिला तसं सांगायचं. बसली नसेल तर का नाही, तेही सांगायचं. ज्यांना असं उत्तर मिळतं ते पुढच्या बैठकीला येतात.

शाळेच्या पातळीवर प्रश्न सुटला नाही तर लेखी अर्ज केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी आणि मग जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शिक्षणाधिकाऱ्यांकडे जातो. महापालिकेच्या शाळेचा महापालिकेच्या शिक्षण विभागाकडे. कलम ३२ प्रमाणे स्थानिक प्राधिकरणाने तक्रारीवर तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो. अर्जाची पोच, तारखेच्या शिक्क्यासह, जपून ठेवावी.

शिष्यवृत्तीचं टेबल

विडी कामगारांच्या मुलांसाठी केंद्र सरकारच्या श्रम मंत्रालयाची शिष्यवृत्ती आहे; अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर भरावा लागतो. बरेच अर्ज अडतात ते क्षुल्लक कारणांनी. शाळेच्या दाखल्यावर मुलाचं नाव एक आणि आधारवर दुसरं. आईच्या विडी कामगार ओळखपत्रावर माहेरचं आडनाव. बँक खातं वापराविना बंद पडलेलं, किंवा आधारशी न जोडलेलं. तेलुगू आडनावांचं इंग्रजी स्पेलिंग तर प्रत्येक कागदावर वेगळं. शाळेने सभेच्या दिवशी दाराजवळ एक टेबल मांडावं, कागद बघू शकणारे दोन तरुण पालक किंवा माजी विद्यार्थी तिथे बसवावेत आणि चूक कुठे आहे व ती कुठे दुरुस्त होते एवढंच लिहून द्यावं. ओटीपी कुणी विचारायचा नाही, कागदांच्या प्रती ठेवून घ्यायच्या नाहीत. या टेबलासाठी आलेली आई मुलाच्या बाकापर्यंतही जाते.

ऊसतोडीच्या दिवसांत

नोव्हेंबरच्या सुमारास कारखान्यांची धुराडी पेटली की सोलापूर जिल्ह्यात बाहेरून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या येतात आणि त्यांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, उभ्या राहतात. त्यांच्यासोबतची मुलं जवळच्या शाळेत बसवणं हे त्या गावच्या समितीचं काम आहे. दाखला नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही. कलम ५ तसं स्पष्ट सांगतं. मूळ गावच्या शाळेने शिक्षण हमी कार्ड दिलं असेल तर मूल कोणत्या वर्गात होतं ते त्यावरून कळतं, नसेल तर वयाप्रमाणे वर्गात घ्यायचं. आई-वडील पहाटे फडात जातात आणि अंधार पडल्यावर परततात, त्यामुळे त्यांना शाळेत बोलावून उपयोग नाही. समितीतल्या दोघांनी मुकादमाला, म्हणजे टोळीच्या प्रमुखाला, गाठून रात्री जेवणाच्या वेळी कोपीवर जावं. बोलणं दहा मिनिटांचंच असू द्यावं: शाळा कुठे, किती वाजता, जेवण मिळतं, आणि रस्त्याने कोणाची मुलं सोबत येतील. शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. धाकट्याला सांभाळायला मोठी मुलगी कोपीवर राहते, तेव्हा दोघांनाही घेऊन या म्हणावं आणि धाकट्याची सोय अंगणवाडीत लावावी. पट्टा पडायच्या, म्हणजे हंगाम संपायच्या, आठवडाभर आधी मुकादमाकडून परतीची तारीख विचारून घ्यावी. मुलाने इथे काय शिकलं, किती दिवस हजर राहिलं याची नोंद केलेलं कार्ड निघायच्या आदल्या रात्री आईच्या हातात द्यावं, त्यावर इथल्या शाळेचा फोन नंबर लिहून.